पावणेदोन इंच

जुन्या गाडीत दुसरं इंजिन टाकायचं ठरलं की इंजिनावर महिनोन्महिने खल होतो. गिअरबॉक्स जमेल का, रेडिएटर पुरेल का, ब्रेक झेपतील का, यावर रात्री-अपरात्री फोन होतात. सायलेन्सरच्या पाइपाचं तसं नाही. सगळं जोडून झालं, इंजिन एकदाचं सुरू झालं, कानठळ्या बसल्या, की मग कोणीतरी म्हणतं, ‘आता सायलेन्सरवाल्याकडे न्या.’ त्या दिवशी त्याच्या दुकानात जो पाइप उभा असेल तो गाडीखाली जातो. लाखभर रुपयांच्या कामात या पाइपाला अर्धा तासही मिळत नाही.

पुण्यात कात्रजच्या अलीकडे एका गॅरेजमध्ये मी हे काम सुरुवातीपासून पाहिलं. गाडी १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी. मालक साताऱ्याचे डॉक्टर, वय सत्तरीच्या घरात. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली. पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट ११००. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये ती आधी फियाट म्हणून, मग प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४पासून पद्मिनी म्हणून बनत राहिली. इंजिन १०८९ सीसीचं, चाळीसेक अश्वशक्तीचं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती इतकी वर्षं धावली की २०२३च्या ऑक्टोबरअखेर शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांच्या नियमानं बंद झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्यावर मृत्युलेख लिहिले.

डॉक्टरांच्या गाडीचं इंजिन बोअर करून करून शेवटच्या मापाला आलं होतं. स्लीव्ह टाकून ते अजून चाललं असतं, पण घाटात मागचे ट्रक हॉर्न वाजवतात याला ते कंटाळले होते. त्यांनी निवडलं प्रीमियरचंच दुसरं इंजिन, ११८ एनईचं. ही गाडी १९८५ साली आली. अंग फियाट १२४चं आणि हृदय जपानी, निसानचं ए-१२: ११७१ सीसी, ५२ अश्वशक्ती. घराण्याबाहेर गेलो नाही, असं डॉक्टर समाधानानं सांगतात.

त्यांची अट एकच होती, आणि ती गॅरेजमध्ये सगळ्यांच्या जिवावर आली होती. गाडीच्या मूळ पत्र्याला कापाकापी नाही, नवं भोक नाही, हातोडा नाही. म्हणून मूळ गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगवरचा गिअरचा दांडा तसाच ठेवला, मधे अडॅप्टर प्लेट बनवून घेतली. उद्या वाटलं तर जुनं इंजिन पुन्हा बसलं पाहिजे. या अटीमागचं कारण पुढे येईल. पाइपाच्या मापाशी तिचा फार जवळचा संबंध आहे.

पाइपावरून तीन पक्ष पडले. डॉक्टरांचा भाचा इंजिनीअरिंगला आहे. तो अडीच इंची स्टेनलेसचा चकचकीत पाइप घेऊनच आला होता. ‘मामा, इंजिनला श्वास घेता आला पाहिजे.’ मिस्त्री दोन इंचीच्या बाजूचे. गेली तीस वर्षं ते सगळ्याच गाड्यांना दोन इंची लावत आलेत आणि कोणी परत तक्रार घेऊन आलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, मूळचा होता तेवढाच ठेवा. पण मूळचा केवढा होता हे सांगायला गाडीखाली मूळचं काही उरलंच नव्हतं. पंचेचाळीस वर्षांत ठिगळ लावलेल्या त्या नळीत तीन वेगवेगळे व्यास निघाले.

इंजिन म्हणजे शेवटी हवेचा पंप. दोन फेऱ्यांत ते एकदा आपल्या सीसीएवढी हवा ओढतं. ए-१२ जोरात, म्हणजे मिनिटाला ५,५०० फेऱ्यांवर फिरलं, तर कागदावर मिनिटाला ३,२२० लिटर हवा जायला हवी. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाहीत. ऐंशी टक्के धरले तर साधारण २,६०० लिटर, म्हणजे सेकंदाला ४३. ही हवा बाहेर पडताना तापलेली असते. मॅनिफोल्डशी, म्हणजे सिलिंडरांच्या नळ्या जिथं जुळतात तिथं, सहाशे-सातशे अंश, टेलपाइपशी त्याच्या निम्म्याहून कमी. गाडीच्या मध्यावर साडेचारशे अंश सेल्सिअस धरले, तर ती फुगून जवळपास अडीचपट होते. म्हणजे पाइपातून सेकंदाला शंभर लिटरच्या आसपास धूर जाणार. आता पाइपाचं पोट किती, यावर त्याचा वेग ठरतो.

बाजारात पाइपाचं माप बाहेरून सांगतात. १६ गेजचा पत्रा १.६ मिलिमीटरचा, तो दोन्ही बाजूंनी वजा करायचा. दीड इंचीच्या आतलं पोट ३५ मिलिमीटर, पावणेदोनचं ४१, दोन इंचीचं साडेसत्तेचाळीस, अडीचचं साठ. त्यातून आमचा धूर अनुक्रमे सेकंदाला १०८, ७७, ५८ आणि ३६ मीटर वेगानं जाईल. पूर्ण जोरात ७५ ते ९० मीटरच्या आसपास वेग राहावा, असा जाणकारांचा अंदाज असतो. हा हिशेब भाच्यानंच गॅरेजच्या भिंतीवर खडूनं केला. अडीचच्या पुढे ३६ लिहिल्यावर तो जरा वेळ गप्प होता.

दुसरी रीत यापेक्षा झटपट आहे. डेव्हिड व्हिझर्ड हे इंजिनं खुलवण्यात हयात घालवलेले ब्रिटिश लेखक. त्यांचा आडाखा असा की सायलेन्सरमधून एका अश्वशक्तीमागे मिनिटाला २.२ घनफूट वहनाची सोय असली की इंजिनाची ताकद जवळपास वाया जात नाही. आणि सरळ पाइपाच्या एक चौरस इंच पोटातून त्याच मोजणीत सुमारे ११५ घनफूट जातात. ५२ अश्वशक्तीला ११४ घनफूट, म्हणजे जेमतेम एक चौरस इंच. गोल पाइपात बसवलं तर आतला व्यास सव्वा इंचही भरत नाही! गाडीखालचा पाइप सरळ नसतो, वळणांसाठी वाढीव धरावंच लागतं. तरी हा आकडा ऐकून मिस्त्रींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांच्या दोन इंचीत आमच्या इंजिनाच्या गरजेच्या पावणेतीनपट जागा होती.

हौशी गाडीवाल्यांची पहिली चूक इथंच होते. ते पाइप गाडीकडे, इंजिनाच्या नावाकडे किंवा सीसीकडे बघून ठरवतात. बघायचं असतं ते इंजिन प्रत्यक्षात किती ताकद देणार आणि किती फेऱ्यांवर, इतकंच. हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा घ्या. अंग व्हॉक्सॉल व्हिक्टरचं, १९८४मध्ये आली तेव्हा पोटात अँबेसेडरचंच दीड लिटरचं इंजिन होतं. एवढ्या मोठ्या गाडीला ते पुरेना. पुढे कंपनीनं १८१७ सीसीचं ८८ अश्वशक्तीचं इसुझू इंजिन बसवलं. इंजिनबदल काही गल्लीतल्या गॅरेजांनीच शोधून काढलेला नाही. त्या इसुझूला दोन इंची पाइप बरोब्बर लागतो. अडीच इंचीची खरी गरज सव्वाशे-दीडशे अश्वशक्तीच्या पुढे लागते. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत टाकली जाणारी बहुतेक इंजिनं त्या आकड्याच्या आसपासही जात नाहीत.

एक समज मात्र मोडून काढायला हवा. ‘इंजिनला थोडा बॅक प्रेशर लागतोच, नाहीतर पिकअप जातो,’ असं प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकू येतं. मागचा दाब कोणत्याही इंजिनाला हवा नसतो. हवा असतो तो धुराचा वेग आणि त्याच्या ठोक्यांची वेळ. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाचा एक लोट पाइपात घुसतो. महामार्गावरून भरधाव ट्रक गेला की कडेचा पाचोळा त्याच्यामागे ओढला जातो, तसा हा लोट आपल्यामागे कमी दाबाची जागा सोडत जातो. शिवाय दाबाची लाट तापलेल्या वायूत सेकंदाला साडेपाचशे-सहाशे मीटर वेगानं पुढे जाते, पाइप जिथं एकदम रुंद होतो तिथून उलटी फिरते आणि येताना ओढ घेऊन येते. ही ओढ नेमकी दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असताना पोहोचली तर ती उरलासुरला धूर उपसते आणि ताजी हवा आत खेचते. चार सिलिंडरच्या इंजिनात ठिणगी १-३-४-२ अशी पडते. म्हणून चांगल्या मॅनिफोल्डमध्ये १ आणि ४ची जोडी, २ आणि ३ची जोडी आधी जुळते आणि मग दोन्ही एक होतात. एकाचा लोट दुसऱ्याच्या तोंडावर आपटत नाही.

पण हा सगळा खेळ मॅनिफोल्डपासून नळ्या एकत्र होईपर्यंतच्या पहिल्या टप्प्यातला आहे. तिथं व्यास चुकला तर खालच्या फेऱ्यांवरची ओढ खरोखर मरते. त्यापुढे मागपर्यंत जाणारा जो एकटा पाइप, तो मोठा केला म्हणून इंजिन लुळं पडत नाही आणि सुसाटही होत नाही. मग ‘मोठा पाइप टाकला आणि गाडीनं दम सोडला’ असं लोक सांगतात ते खोटं का? खोटं नाही. बहुतेक वेळा पाइप बदलल्यावर कार्ब्युरेटरचे जेट कोणी पाहिलेले नसतात. धूर मोकळा झाला, हवा थोडी वाढली, पेट्रोल तेवढंच राहिलं, मिश्रण पातळ झालं. गाडी उचल घेताना अडखळते, गॅस सोडला की मागून फटफटते. दोष मात्र पाइपाच्या नावावर चढतो.

मोठं ते चांगलं, हा विश्वास आला कुठून याबद्दल माझा एक तर्क आहे. आपली गॅरेजं गेली दोन-अडीच दशकं टर्बो डिझेलवर जगत आहेत. टर्बोचं चाक फिरतं ते त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातल्या फरकावर. पलीकडे जितकं मोकळं तितकं ते लवकर फिरतं. तिथं जाड पाइपाचा फायदा चालवणाऱ्याला पहिल्याच चढावर कळतो. जीपवाल्यांचा हा खरा अनुभव कार्ब्युरेटरच्या पेट्रोल गाड्यांना सरसकट लागू झाला.

आकड्यांनी दीड ते दोन इंचांच्या मधे आणून सोडलं. पुढचं ठरवलं लोखंडानं आणि जागेनं.

सायलेन्सरवाल्याकडे पाइप वाकवायच्या दोन रीती. एक हायड्रॉलिक मशीनची. पाइप साच्यावर ठेवायचा, दट्ट्या दाबायचा, मिनिटात बेंड तयार. पण बेंडच्या आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात, पाइप चपटा होतो. ‘साहेब, बेंडमध्ये पावणेदोनचा दीड होतो,’ तिथल्या उस्तादांनी सांगितलं आणि व्हर्नियर लावून दाखवलंही. परदेशात आतून पोलादी गोळा सरकवत वाकवायची यंत्रं असतात, त्यात पोट जसंच्या तसं राहतं. उस्तादांकडे त्याऐवजी वाळू होती. चाळलेली, लोखंडी घमेल्यात कोरडीठाक भाजलेली वाळू. ओल राहिली तर तापल्यावर तिची वाफ होऊन बूच बंदुकीच्या गोळीसारखं उडतं. पाइपाच्या एका टोकाला लाकडी बूच ठोकलं, दुसऱ्याकडून वाळू ओतत पोराला हातोडीनं वरून खाली टकटक करायला लावलं. वाळू बसत गेली तसा पाइपाचा आवाज पोकळाचा भरीव झाला. मग दुसरं बूच. खडूनं खूण केली, गॅसची ज्योत फिरवत तेवढा भाग लाल केला आणि जमिनीत रोवलेल्या खुंटाला टेकवून अंगाच्या भारानं सावकाश ओढला. वळण गोल आलं, पोट शाबूत. असा एक बेंड काढायला अर्धा तास जातो. आजकाल हे कोणी मागत नाही, असं म्हणताना उस्तादांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मागणाऱ्याकडून ते पैसे मात्र बरोबर घेतात.

खरी परीक्षा मागच्या अॅक्सलवर. पद्मिनीला मागे पाट्यांच्या स्प्रिंगा. मागच्या सीटवर तिघं बसले आणि गाडी खड्ड्यात गेली की अॅक्सल वर उसळतो. पाइप अॅक्सलवरून कमान करून जातो, त्याच्या वर गाडीचा पत्रा. या दोहोंमधे जी फट उरते तिच्यातच पाइप आणि त्याच्या हलण्याची जागा बसवायची. उस्तादांनी गाडी जॅकवरून उतरवली, डिकीत सिमेंटची पोती टाकली आणि मातीचे गोळे अॅक्सलवर ठेवून गाडी दाबली. गोळ्यांची जाडी मोजली. अडीच इंची पाइपाचा प्रश्न तिथंच निकालात निघाला. तो बसवायचा तर पत्र्याला हातोडा मारणं भाग होतं. दोन इंची बसत होता, पण खडखडायची भीती. पावणेदोन मोकळा खेळत होता.

जागेपुढे मोठमोठ्यांनी हात टेकलेत. ब्रिटिश एमजीबीत रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-८ इंजिन टाकायची कल्पना केन कॉस्टेलो यांनी कंपनीच्याही आधी अमलात आणली. मग कंपनीनं १९७३ ते १९७६ या काळात स्वतःच तशा गाड्या काढल्या. ताकद १३७ अश्वशक्ती. इंजिन मावलं, पण दोन्ही बाजूंना मॅनिफोल्ड उतरायला जागा नाही, म्हणून त्या गाडीसाठी खास आखूड मॅनिफोल्ड ओतावे लागले. नव्वदीच्या दशकात आलेल्या आरव्ही-८नं आतल्या पत्र्यालाच भोकं पाडून नळ्या चाकाच्या कमानीतून काढल्या. तेव्हापासून जगभरचे हौशी लोक तीच भोकं पाडतात. आमच्या डॉक्टरांनी हे चित्र पाहून मान हलवली आणि म्हणाले, ‘नको.’

सायलेन्सर निवडताना मिस्त्रींनी मात्र सगळ्यांवर कडी केली. त्यांचं म्हणणं, बाजारातल्या ‘स्पोर्ट्स’ डब्याच्या भानगडीत पडू नका. कोणत्या तरी कंपनीनं तपासून विकलेल्या, आपल्यापेक्षा थोड्या जास्त ताकदीच्या गाडीचा डबा घ्या. मारुती एस्टिमचं १२९८ सीसीचं नंतरचं इंजिन ८५ अश्वशक्तीचं. तिचा डबा आमच्या ५२ला आरामात पुरणार आणि आवाज घरंदाज. मला हा सल्ला सगळ्या आडाख्यांपेक्षा मोलाचा वाटतो. सरळ आरपार जाणाऱ्या, काचलोकर भरलेल्या डब्यातून धूर मोकळा जातो हे खरं, पण लोकर हळूहळू जळून उडून जाते आणि मग उरतो नुसता डबा.

आवाज मोठा असल्याचा त्रास होतो त्यापेक्षा तो घुमण्याचा जास्त होतो. चार सिलिंडरच्या इंजिनात फेऱ्यांना तीसनं भागलं की ठोक्यांची सेकंदाची संख्या मिळते. २,४०० फेऱ्यांना ८०. छोट्या बंद गाडीची केबिन नेमक्या याच पट्ट्यात घुमते. महामार्गावर साठ-सत्तरच्या वेगानं गाडी निवांत चालली की कानात भुंगा बसतो, गप्पा बंद पडतात, तासाभरात डोकं धरतं. जाड पाइपात हे जास्त जाणवतं. यावर उपाय म्हणून बंद तोंडाची बाजूची नळी जोडतात. ८० ठोक्यांसाठी तिची लांबी दीड मीटरच्या आसपास येते. पद्मिनीखाली ती कुठं घालणार?

पाण्याचाही विचार करावा लागतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. पाइप जाड, धुराचा वेग कमी, धूर लवकर थंड होतो. दोन किलोमीटरवर दवाखाना आणि परत, अशा चालीत ते पाणी डब्यातच साचतं आणि लोखंड आतून खातं. म्हणून डब्याच्या सगळ्यात खालच्या जागी सुईएवढं भोक ठेवतात. आणि जुन्या गाडीत टेलपाइप मागच्या बंपरच्या बाहेर निघालाच पाहिजे, सांधे गळता कामा नयेत. कुजलेल्या पत्र्यातून कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो.

आता डॉक्टरांच्या अटीविषयी. २०२१च्या जुलैमध्ये केंद्रानं पन्नास वर्षांवरच्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचा नियम आणला, ‘व्हीए’ अक्षरं असलेल्या पाटीचा. त्याची मुख्य अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, सांगाडा आणि इंजिन यांत मोठा फेरफार नको. डॉक्टरांची पद्मिनी २०२८मध्ये पन्नाशीला पोहोचेल. तोवर चालवायचं नवं इंजिन, त्या वर्षी बसवायचं जुनं, असा त्यांचा बेत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलाला मनाई करतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१९च्या जानेवारीत ते आणखी ठळक केलं. २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफारासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. गोंगाटासाठी वेगळं कलम आहे, १९०. त्यात दंड १०,००० रुपयांपर्यंत. बुलेटचे फटाके फोडणारे सायलेन्सर राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी रोडरोलरखाली घातले ते उगाच नाही. माझं मत विचाराल तर इंजिनाचा अर्ज आरटीओत आधी आणि गाडी गॅरेजमध्ये नंतर जायला हवी. प्रत्यक्षात क्रम उलटा असतो, इथंही होता. अर्जाचा निकाल लागेपर्यंत गाडी रस्त्यावर आणायची नाही, एवढं डॉक्टरांनी पाळलं.

म्हणून चाचणी झाली ती त्यांच्या एका पेशंटच्या खडी-क्रशरच्या खासगी चढावर. मिस्त्रींनी मॅनिफोल्डखाली एक आणि डब्याच्या अलीकडे एक असे दोन नट वेल्ड करून ठेवले होते. त्यांना तांब्याच्या नळ्या आणि नळीच्या टोकाला दाबाचा काटा. दुसऱ्या गिअरमध्ये गॅस पूर्ण दाबून गाडी चढली तेव्हा भाचा शेजारी बसून काटा वाचत होता. वरच्या नटाला सव्वादोन पौंड, डब्याच्या अलीकडे सव्वा. म्हणजे अख्ख्या पाइपानं आणि त्याच्या सगळ्या बेंडांनी मिळून खाल्ला एक पौंड, बाकीचा डब्यानं. दोन इंची पाइप असता तर भाच्याच्या हिशेबानं आणखी अर्धा पौंडही वाचला नसता आणि ताकदीत अर्ध्या अश्वशक्तीचाही फरक पडला नसता. दीड इंचीनं मात्र पाइपातला दाब दुप्पट केला असता.

चढाच्या वरच्या टोकाला गाडी किंचित अडखळली. मिस्त्रींनी प्लग काढून पाहिले, टोकं पांढरी पडली होती. त्यांनी मेन जेट एका मापानं मोठा टाकला आणि डॉक्टरांना सांगितलं, ‘पीयूसीला नेण्याआधी एकदा माझ्याकडे आणा, मिश्रण तेव्हा परत बघू.’